अकरा महिन्यांचं घर

मुंब्र्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. एक बेडरूम, हॉल, किचन; लिफ्ट नाही. गॅलरीतून पारसिकचा डोंगर दिसतो. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं इथं आली आणि वस्ती वाढत गेली. आम्ही खूप नंतर आलो, तेही दंगलीमुळं नव्हे. ठाण्यात फ्लॅट पसंत पडायचा, भाडं-डिपॉझिट ठरायचं, मग एजंट नाव विचारायचा. ‘मराठी छान बोलता हो तुम्ही,’ म्हणून झाल्यावर सोसायटीची अडचण सांगायचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. आमचा आहे, ११ महिन्यांचा. नकार मात्र कुणी लेखी देत नाही. मग दाद मागायची कशाच्या आधारावर?

इथं नावावरून कुणी थबकत नाही, हे सुख मोठं आहे. पण साताऱ्यात माझ्या लहानपणी ईदला शिरखुर्म्याचे डबे शेजारी जायचे आणि दिवाळीला फराळानं भरून परत यायचे. लेकीला हे सांगतो तेव्हा ती विचारते, ‘अब्बा, हे खरंच व्हायचं?’