मूल कुणावर गेलं?

घरात बाळ जन्माला आले, कानात अजान झाली, बोटाने मध चाटवून झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मूल कुणावर गेलं? नाक दादीचे, कपाळ मामूचे, बोटे नानांची. दोन्हीकडची माणसे आपापला हिस्सा मागून घेतात. गोऱ्या रंगाला, टपोऱ्या डोळ्यांना, हुशारीला वारस पुष्कळ मिळतात. पण तेच मूल सतत आजारी राहू लागले, त्याला ऐकू येत नसले किंवा ते वयाप्रमाणे वाढत नसले, की वारस कमी होत होत एकच उरतो. "आमच्या खानदानात असं कधी नव्हतं," असे कुणीतरी म्हणते आणि सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मराठीतला 'वारसा' आणि उर्दूतली 'विरासत' हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत, हे सांगितले की मुलांना मोठी गंमत वाटते. जमीन-जुमल्याच्या वारशात कुणाचा हिस्सा किती, हे शरीअतने अगदी नेमके ठरवून दिले आहे. आपण त्यावर तासन् तास बोलतो. शरीराच्या वारशाचे हिस्सेही असेच नेमके आहेत, पण त्यावर बोलायला कुणी बसत नाही. आणि न बोलल्यामुळे जे नुकसान होते ते बहुतेक वेळा घरातल्या एकाच बाईला भोगावे लागते, असे आमचे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे. म्हणून हा विषय आपल्या मासिकात मांडावासा वाटला.

हिशेब सोपा आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक बापाकडून. या गुणसूत्रांवर सुमारे २० हजार जनुके आहेत. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. काही गुण एका प्रतीनेही दिसून येतात, त्यांना प्रभावी म्हणतात. काही गुण दोन्ही प्रती सारख्या असल्या तरच दिसतात. एकच प्रत असली तर ते झाकलेले राहतात. हे अप्रभावी गुण. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' या धड्यात हे सगळे आहे. आपली मुले ते पाठ करून गुण मिळवतात आणि पुस्तक रद्दीत जाते.

आमच्या कोंडाण्यात हे समजून घ्यायला भाताच्या खाचरासारखी दुसरी जागा नाही. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या या खोऱ्यात पावसाळाभर भातच असतो. इथून जवळ कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. 'कर्जत' नावाची भाताची वाणे आणि 'सह्याद्री' ही संकरित वाणे तिथलीच. संकरित भाताचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक असते. घरच्या पिकातलेच दाणे पुढच्या वर्षी पेरले तर खाचर एकसारखे येत नाही. एक रोप उंच, एक बुटके, एक आधी निसवते, दुसरे मागे राहते. बियाणे खराब झालेले नसते. पहिल्या पिढीत जे गुण झाकले गेले होते ते दुसऱ्या पिढीत वर आलेले असतात.

ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच मोजले. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच आली. बुटकेपणा संपला असे कुणालाही वाटले असते. पण दुसऱ्या पिढीतल्या १०६४ रोपांपैकी ७८७ उंच आणि २७७ बुटकी निघाली, म्हणजे जवळजवळ तीनास एक. १८६६ मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि १९०० पर्यंत त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. "आमच्या खानदानात असं कधी नव्हतं," असे म्हणणाऱ्यांनी ही २७७ रोपे लक्षात ठेवावीत. त्यांच्या आई-बापांत एकही बुटके नव्हते.

आता झाकलेला गुण आजाराचा असेल तर? जनुक म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली सूचना. पेशी दुभंगताना तिची नक्कल होते आणि नक्कल करताना कधी एखादे अक्षर बदलते. याला उत्परिवर्तन म्हणतात. उर्दू शिकलेल्यांना हे लगेच कळेल. कातिबाच्या हातून एक नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चे 'जुदा' होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक साखळी १४६ दुव्यांची असते. त्यातला फक्त सहावा दुवा बदलला की सिकलसेल होतो, हे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रम यांनी दाखवले. पाठ्यपुस्तकात याचे नाव दात्रपेशी पांडुरोग. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी बांधवांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. या बदलाची एकच प्रत असलेला माणूस आजारी नसतो, उलट त्याला मलेरियाच्या गंभीर दुखण्यापासून काहीसे संरक्षण मिळते. तेव्हा अक्षर बदलले म्हणजे रक्त नासले, असे समजू नये. असे लहानमोठे बदल आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहेत.

थॅलेसेमिया हा याच कुळातला आजार. भारतात दर १०० माणसांत साधारण तीन-चार जण त्याचे वाहक असतात. त्यांना 'मायनर' म्हणतात. ते धडधाकट असतात, आयुष्यभर त्यांना पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारातला एक संभव असा, की मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळतील. ते मूल 'मेजर'. पहिल्या दोन वर्षांतच ते फिकट पडू लागते आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते.

आमच्या ओळखीत असे एक घर आहे. मुलगा पाच वर्षांचा. पहाटेची कर्जत लोकल धरून आई त्याला शहरातल्या इस्पितळात नेते, दिवसभर रक्त चढते, रात्री मायलेक परत येतात. वारंवारच्या रक्ताने शरीरात लोह साठते, ते काढण्याचे औषध रोज वेगळे. आजाराचे नाव कळल्यावर घरात जे बोलले गेले ते आम्ही ऐकले आहे. सासू म्हणाली, "हिनेच आणलं हे आमच्या घरात." या सासूबाई म्हणजे त्या मुलीची सख्खी फुफी. मुलीचा बाप त्यांचा भाऊ. ज्या खानदानाला त्या नावे ठेवत होत्या ते त्यांचेच माहेर होते. पुढे नवरा-बायको दोघांच्या रक्ताची तपासणी झाली आणि दोघेही मायनर निघाले. एका आजोबांकडून किंवा आजीकडून एक प्रत मुलीच्या बापाकडे आली असेल, तीच दुसऱ्या वाटेने सासूबाईंकडे आली असेल. कागद हातात आल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात इस्पितळात सुनेबरोबर त्याही गेल्या.

याचा अर्थ नात्यातला निकाह वाईट, असे आम्ही म्हणत नाही. शरीअतने तो जायज ठेवला आहे. जायज म्हणजे फर्ज नव्हे, एवढेच. आपले हिंदू शेजारीही पिढ्यान् पिढ्या मामाची मुलगी करत आले आहेत. पण हिशेब समजून घ्यावा. सख्ख्या चुलत-मामे-मावस भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुके सारखी असतात, कारण आजी-आजोबा एकच. त्यामुळे एकच झाकलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. कुठल्याही जोडप्याच्या मुलात जन्मजात गंभीर दोष असण्याचे प्रमाण शंभरात दोन-तीन धरतात, सख्ख्या भावंडांच्या लग्नात ते चार-सहाच्या आसपास जाते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुले ठणठणीतच असतात. पण एकाच घरात पिढीमागून पिढी असेच रिश्ते होत राहिले, तर धोका साठत जातो.

या वारशाची दुसरी एक गोष्ट मुंबईत घडली, ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नवा रक्तगट जाहीर केला. जगभर त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात. साध्या तपासणीत हा गट 'ओ' सारखाच दिसतो, पण अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही, त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. ए आणि बी हे दोन्ही गुण 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. एचची दोन्ही जनुके निकामी असली की पायाच नसतो. मग आत ए किंवा बी चे जनुक असूनही ते दिसत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. परळला केईएमच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, आज तिथे रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे.

आता विचार करा. आईचा गट कागदावर 'ओ', बापाचा 'ए', आणि मूल 'एबी'. नववीचा कोरडा नियम लावला तर हे अशक्य. अर्धवट माहिती असलेला माणूस यावरून बायकोच्या चारित्र्यावर शंका घ्यायला कमी करणार नाही. पण आई बॉम्बे गटाची असेल आणि तिच्यात झाकलेले बी असेल, तर असे मूल जन्मू शकते. तिच्यात जे दिसत नव्हते ते मुलात उघडे झाले.

इथे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस आठवते. एका खेडुताने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन सांगितले, की माझ्या बायकोला काळे मूल झाले आहे. त्याच्या मनात काय होते ते उघड होते. प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटांविषयी विचारले. उंट तांबडे होते, पण त्यांत एखादा राखाडीही होता. तो कुठून आला, असे विचारल्यावर, मागच्या एखाद्या मुळाने ओढला असेल, असे उत्तर निघाले. तसेच या मुलाचेही असेल, असे समजावून प्रेषितांनी (स.) त्याला मूल नाकारू दिले नाही. हदीस ही विज्ञानाचे पुस्तक म्हणून वाचू नये, असे आम्हाला वाटते. पण जे दिसले तेवढ्यावरून बाईवर आळ घेऊ नये, हा धडा त्यात स्वच्छ आहे.

मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनाही एक वाक्य सांगून ठेवावे. आई नेहमी एक्स गुणसूत्रच देते. एक्स द्यायचे की वाय, ते बापाकडून येते.

मग करायचे काय? निकाहाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही रक्ततपासणी. आधी साधी सीबीसी, आणि एकदा एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस. आयुष्यात एकदाच करायची ही तपासणी आहे. अहवाल डॉक्टरांनाच वाचू द्यावा, कारण अंगात लोह कमी असेल तर आकडे फसवू शकतात. सौदी अरेबियात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी लग्नाआधी २००४ पासून सक्तीची आहे, इराणमध्ये थॅलेसेमियाची १९९७ पासून. आपल्याकडे सक्ती नाही, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनीच ती मागावी. आणि ती फक्त मुलीकडूनच मागू नये.

मुलगी किंवा मुलगा मायनर निघाला म्हणून रिश्ता मोडू नका. एक मायनर आणि एक निरोगी असेल तर त्यांची मुले मेजर होत नाहीत. थांबून विचार करायचा तो दोघेही मायनर असतील तेव्हाच. लग्न आधीच झालेले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांतच डॉक्टरांना गाठावे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. त्यानंतरचा निर्णय डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांशी बोलून घ्यावा, उशीर करून नव्हे. घरात मेजर मूल असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे, हे लक्षात ठेवून प्रमाणपत्र काढून घ्यावे.

वर सांगितलेल्या घरात धाकट्या मुलाच्या रिश्त्याची बोलणी या हिवाळ्यात सुरू झाली. आधी मुलाचा अहवाल सासूबाईंनीच मुलीकडच्यांपुढे ठेवला, मग त्यांचा मागितला. मुलगा मायनर आहे, मुलगी नाही. रमजान ईदनंतर निकाह आहे.