मुनीमकाका आणि २० तारीख

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि कापडपेठेतील मुरलेले मुनीमही एका रात्रीत विद्यार्थी झाले. उमेदवारीच्या मुलांना संगणक येत होता, माल कळत नव्हता. एचएसएन संकेतांकांत सुती कापड ५२व्या प्रकरणात, अखंड कृत्रिम धाग्याचे ५४व्या. हे पडद्यावर वाचता येते; हातातले ठाण कशाचे, ते मात्र मुनीमकाकांचा अंगठाच सांगे. त्या बदल्यात मुलांनी काकांना विवरणपत्र भरावयास शिकविले.

पेढ्यांमध्ये चढाओढ असूनही गावोगावचे हिशेबनीस मोबाइलवरून एकमेकांच्या शंका फेडू लागले. त्यात केवळ औदार्य नव्हते, हेही खरे. विक्रेत्याने बीजक विवरणपत्रात दाखविले नाही, तर खरेदीदाराची कराची वजावट अडते. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याचाच तो दंडक आहे. दुसऱ्याचे अज्ञान आपल्याच खिशाला भोवते!

पण गरजेतून जुळलेली ओळख गरजेपुरती उरली नाही. २० तारखेच्या रात्री, विवरणपत्राची मुदत संपत असताना, दूरच्या गावचा एखादा तरुण विचारतो, “काका, भरून झाले का?”

उत्तर येते, “झाले. तू जेवलास का, बाळा?”