डोक्यावर तीन रेघा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गेले दोन महिने प्रत्येक सुट्टीत मी गावी, दापोलीजवळच्या आमच्या अंगणात, जीपखाली उताणा पडलेलो होतो. आजचं लिखाण त्याबद्दलच आहे. नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. विशेषतः ताईने.

अप्पांची जीप तुम्हाला माहीत आहे. महिंद्राची, 1988 साली सेकंडहँड घेतलेली. महिंद्राने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या वंशातल्या गाड्यांमध्ये इंची माप बराच काळ टिकून राहिलं. आमच्या जीपमध्ये तर इंची आणि मिलिमीटर दोन्ही भाऊबंद सुखाने नांदतात. ज्याला जो पाना लागला, त्याने तो बोल्ट बसवला. त्यातला एक मी बसवलेला होता. गोष्ट त्याचीच आहे.

मे 2022. स्टेअरिंग बॉक्सचा ब्रॅकेट चासीला तीन बोल्टांनी धरलेला असतो. त्यातला एक पडून गेला होता. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ मुलांना घेऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणार होता. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. 12 चा बोल्ट आणला, तो भोकात जाईना. 10 चा आणला, तो सळकन गेला. मोठा वायसर टाकला, पान्याने कचकचून आवळला आणि हात पुसत चहा प्यायला आलो. स्वतःवर बेहद्द खूश!

मधल्या काळात स्टेअरिंग जरा सैल लागायचं. जुनी गाडी, चालायचंच, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

यंदा गाडी जागेवर उभी करून पुतण्याला स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं आणि मी खाली हात लावून पाहिलं. ब्रॅकेट चासीवर हलत होता! कट्... कट्... माझ्या बोल्टभोवती तांबूस भुकटी साचली होती. लोखंडावर लोखंड घासलं की अशी भुकटी पडते. बोल्ट काढला तर मधोमध किंचित वाकलेला, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांना भिडतात नेमका तिथे आट्यांवर खड्डा पडलेला. चासीचं भोक लांबट झालेलं. शेजारचा एक बोल्टही ढिला.

मेकॅनिक मामांनी बोल्ट हातात घेतला, उलटा करून डोकं बघितलं आणि विचारलं, "हा कोणी घातला हो?"

मी म्हटलं, "मीच."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी उरलेल्या दोन बोल्टांची डोकी फडक्याने घासली. त्यावर तीन-तीन रेघा होत्या. माझ्या बोल्टाचं डोकं मात्र कोरं करकरीत.

मी इंजिनिअर नाही, पण त्या संध्याकाळी मुकाट्याने शिकलो. मिलिमीटरच्या बोल्टाच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे असतात. पहिल्या आकड्याची शंभरपट म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जाईल. म्हणजे 8.8 चा बोल्ट 800 ला तुटतो, पण 640 लाच हार मानतो. इंची बोल्टावर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, सहा म्हणजे ग्रेड 8. काहीच खूण नसेल तर तो बोल्ट पाट्या ठोकायला ठीक आहे. आणि चकचकीत स्टेनलेसला भुलू नका. गंजत नाही म्हणून तो जास्त बळकट असतो असं नाही. बाजारात नेहमी मिळणारा ए2-70 हा 8.8 पेक्षा कमीच भरतो.

मग हिशोब मांडला. मूळचा बोल्ट 7/16 इंची, म्हणजे 11.1 मिलिमीटर. म्हणूनच 12 चा जात नव्हता आणि 10 चा डुगडुगत होता! मूळचा बोल्ट सुमारे 5 टनांचा ताण सहन करतो. माझा कोरा 10 चा, अगदी 4.6 दर्जाचा धरला तरी, सुमारे 1.4 टन. भरीला भर म्हणजे तो पूर्ण आट्यांचा होता. जिथे भार पडतो तिथे बोल्टाचा गुळगुळीत दांडा यायला हवा, तिथे आटे आले होते.

मामांनी आणखी एक गोष्ट समजावली. बोल्ट खुंटीसारखा भार झेलत नाही. आवळला की तो स्प्रिंगसारखा जरासा ताणला जातो आणि दोन पत्रे एकमेकांवर इतके दाबून धरतो की ते सरकूच शकत नाहीत. पकड गेली की मग बोल्टावर घाव बसायला लागतात. मऊ बोल्ट तेवढा आवळताच येत नाही, तो आधीच लांबतो. मी ज्याला "कचकचून" म्हणत होतो, तो बहुधा बोल्ट लांबतानाचा आवाज होता.

आता दुरुस्ती. तीनही बोल्ट नवे घालायचे ठरलं, कारण उरलेल्या दोघांनी इतकी वर्षं माझ्या वाटचा भार ओढला होता. लांबट भोक रीमरने गोल केलं, तिथे अर्धा इंची बोल्ट. तो पुण्याहून, नाना पेठेतून आणला. बाकी दोन 7/16 चे कुठे मिळणार या विचारात असताना आईने माळ्यावरून अप्पांचा पत्र्याचा डबा काढून दिला. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर त्यांचं तिरकं अक्षर. एका पुडीवर लिहिलेलं, "स्टे. बॉक्स. इंची. 20 आटे." आत चार बोल्ट, तेल लावून ठेवलेले. आटे मोजायची पट्टी लावून पाहिली, इंचाला बरोबर 20. डोक्यावर तीन रेघा.

अप्पा 2019 मध्ये गेले. म्हणजे मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो त्या दिवशी हा डबा माळ्यावरच होता. अप्पा असताना "हा पसारा भंगारात टाका" असं त्यांना सगळ्यात जास्त वेळा कोणी म्हटलं असेल, तर मीच.

आटे साफ केले, तेल पुसलं आणि टॉर्क पान्याने 7/16 ला 75 न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीला 115. (75 म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साधारण 25 किलोचा जोर. माझा अंदाज याच्या आसपासही नव्हता.) नटापासून चासीपर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

मग भावाला फोन केला. सगळं सांगितलं. घाट, मुलं, बोल्ट. तो बराच वेळ गप्प होता.

"दादा, त्या घाटातून मी तीनदा गेलोय," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

"बाकी कुठे कुठे बसवलेस तू बोल्ट?"

प्रश्न रास्त होता. मी यादी केली. सहा निघाले. त्यातले दोन कोरे होते, तेही बदलले. यादी त्याला पाठवली आहे, फोटोंसकट. ताई, तीनपैकी एका खेपेला तूही पुढच्या सीटवर होतीस, म्हणून तुलाही हे माझ्याकडूनच कळावं असं वाटलं.

दिवाळीला गाडी पुन्हा घाटात जाणार आहे, चालवणार भाऊच. निघण्याआधी मी खाली शिरून रेघा बघणार आहे. तो म्हणालाय, तोही बघणार. बघू दे. वाकलेला बोल्ट मी अप्पांच्या डब्यात ठेवलाय, वेगळ्या पुडीत, वर माझं नाव आणि तारीख घालून.