साहेबाचं मामेकूळ

लंडनमध्ये दारव्हा सांगायचं म्हणजे आधी यवतमाळ, मग विदर्भ, मग नागपूर अशी उतरंड रचावी लागते. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मात्र थेट विचारलं, "म्हणजे बेरार? एलिचपूरच्या बाजूला?" त्यांचे खापरपणजोबा हैदराबाद कंटिंजंटमध्ये कप्तान होते आणि छावणी आपल्या अचलपूरची. इथे पेन्शन सुरू झाली की माणूस एकतर गुलाब लावतो, नाहीतर वंशवृक्ष. यांनी दुसरं निवडलं होतं. वऱ्हाडातला माणूस आयता शेजारी मिळाल्यावर मला ब्रिटिश लायब्ररीत ओढून नेणं ओघानं आलंच.

सेंट पँक्रासच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इंडिया ऑफिसची दप्तरं बघायला मिळतात. आत शाईचं पेन चालत नाही, शिसपेन्सिलच हवी. जुनं बाड फोमच्या उशीवर ठेवून हलक्या हातानं उघडायचं. कंपनीच्या फौजेत भरती होणाऱ्या कॅडेटला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, त्यामुळे त्याचे आईबाप लगेच सापडतात. कंटिंजंटची गोष्ट निराळी. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. तिथले काही अंमलदार कंपनीच्या फौजेतून आलेले, तर काही निजामाच्या चाकरीत परस्पर लागलेले. या दुसऱ्यांचे कॅडेटचे कागदच नाहीत. मग चर्चच्या नोंदी चाळायच्या. तिथे गृहस्थांना कप्तानाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला. बापाचं नाव, हुद्दा, पलटण, सगळं ठाकठीक. आईच्या जागी नुसतं 'मेरी'. आडनाव नाही, माहेर नाही.

"कारकुनानं आळस केला असेल," गृहस्थ म्हणाले. मला पामरांचं घराणं आठवलं.

1800 साली नाना फडणवीस गेले, तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला, असं पुण्याच्या रेसिडेंटानं लिहिल्याचं आपण शाळेत घोकलेलं असतं. तो रेसिडेंट म्हणजे विल्यम पामर, पुढे जनरल झालेला. त्यानं संसार थाटला होता फैज बक्ष बेगमेशी. 1785च्या सुमाराचं या कुटुंबाचं एक अर्धवट राहिलेलं चित्र याच लायब्ररीच्या संग्रहात आहे. लाल डगल्यातला साहेब, शेजारी दागिने ल्यालेली बेगम आणि भोवती मुलं. बेगमेची बहीण नूर ही महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणाऱ्या द बॉयनची बायको. तो तिला 1797 साली इंग्लंडात घेऊन आला आणि पुढच्याच वर्षी त्यानं एका फ्रेंच मुलीशी लग्न केलं. नूर 'हेलेना बेनेट' होऊन ससेक्समध्ये हॉर्शमजवळ राहिली आणि 1853 साली तिथेच वारली.

धाकटा विल्यम पामर या जनरलचा मुलगा खरा, पण आई हिंदुस्थानी. अशा मुलांना कंपनीच्या नोकरीचे दरवाजे 1791 साली बंद झाले होते. तो निजामाच्या फौजेत अंमलदार झाला आणि पुढे त्यानं हैदराबादेत पेढी घातली. ही पेढी निजामाला कर्ज देई आणि वऱ्हाडातल्या घोडदळाच्या पगाराची उचलही तिच्याकडून होई. 1824च्या सुमारास ती बुडाली, पण निजामाची पगाराची ओढाताण काही सुटली नाही. कंटिंजंटचा थकलेला खर्च कंपनी भागवत गेली, निजामाच्या नावावर मांडत गेली आणि 1853 साली त्यापोटी वऱ्हाड लावून घेतलं. आमचं दारव्हा कंपनीच्या अमलात आलं ते असं, सैन्याच्या थकबाकीत.

याच पामर सावकाराची मुलगी मेरी, ठगाची जबानी लिहिणाऱ्या मेडोज टेलरची बायको. टेलर सोळाव्या वर्षी निजामाच्या फौजेत लागला आणि 1857च्या धामधुमीत बुलढाण्याचा डेप्युटी कमिशनर होता. म्हणजे वऱ्हाडावर साहेबी करणाऱ्या या माणसाची आजेसासू फैज बक्ष.

गृहस्थांना म्हटलं, बाप्तिस्मा पुरे, आता मृत्युपत्रं काढा. माणूस चर्चमध्ये लपवतो ते वाटणी करताना लिहितो. इतिहासकार विल्यम डॅलरिंपलनं दाखवलंय की 1780 ते 1785 या काळातल्या बंगालमधल्या साहेबांच्या मृत्युपत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्यात 'बिबी'साठी, म्हणजे हिंदुस्थानी बाईसाठी, काहीतरी ठेवलेलं आहे. 1830च्या आसपास हे प्रमाण सहाव्या हिश्श्यावर आलं आणि शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपलं. बायका संपल्या नव्हत्या, त्यांचं नाव घेण्याची हिंमत संपली होती.

"तुमच्याकडे नोंदी बऱ्या असतील?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? जातपडताळणीला आम्ही वंशावळ जोडतो. कोतवाल बुकाचा उतारा, शाळेचा दाखला, फेरफार, सगळं धुंडाळून खापरपणजोबापर्यंत पोचतो. त्या वंशावळीत सगळे बाप आणि त्यांचे बाप. नूरची हेलेना झाली याचं आपण नवल करावं, तर आपल्या घरी लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो आणि त्या क्षणापासून मागचं नाव पुसलं जातं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव काय, हे फोन करून विचारलं तर काकांनी सांगितलं एक आणि आत्यानं दुसरंच.

गृहस्थ आता मृत्युपत्रांच्या मागे लागलेत. साहेब निदान कागदावर काहीतरी ठेवून गेला. आपलं मात्र स्थळ बघताना मामेकूळ विचारल्याशिवाय पान हलत नाही आणि अक्षता पडल्या की ते कुणी लिहून ठेवत नाही.