समुपदेशनातला उपदेश

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, हे भाषा शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना नेहमीच खटकते. शोकाकुल माणसाजवळ बसणारा समुपदेशक मुख्यतः ऐकत असतो.

बीड जिल्ह्यात हा फरक केवळ शब्दापुरता राहत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पोलीस आणि तलाठी घरच्यांचे जबाब घेतात. प्रकरण 'पात्र' ठरले तरच शासकीय मदत मिळते. पत्नी त्या मृत्यूची हकिगत पुनःपुन्हा सांगते, पण पुराव्यासाठी. 'तुला झोप लागते का?' असे कुणी विचारीत नाही. तेराव्यानंतर पाहुणे परततात. पुढे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघावे लागले, तर रडायलाही उसंत उरत नाही.

मुलांना आपण 'बाबा गावाला गेले' असे सांगतो. मूल वाट पाहत राहते, किंवा आपल्याच हट्टामुळे ते गेले, असे मनाशी धरून बसते. समुपदेशक त्याला मृत्यूविषयी सोप्या शब्दांत खरे सांगतो, 'यात तुझा दोष नाही' हे पटवतो, चित्रांतून, खेळांतून बोलते करतो. मोठ्यांच्या मनातील अपराधभावाला आणि रागालाही तो वाट देतो. दुःख त्याने संपत नाही. ते एकट्याने वाहावे लागत नाही, एवढेच.

शासनाचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ साली आला, 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ साली. परंतु मागच्या बाकावर अचानक अबोल झालेला विद्यार्थी प्रथम आम्हांलाच दिसतो. त्याची गैरहजेरी मांडण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसणे, हेही अध्यापनच होय.