जंगलातलं वेळापत्रक

एस.टी.त मी ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. थोरली लेक जोहान्सबर्गला नोकरीला आहे. येत्या जुलैत ती आम्हा दोघांना दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कला नेणार आहे, गाडी तीच चालवणार. "बाबा, तुम्ही नुसतं बसायचं," असं फोनवर म्हणाली. नुसतं बसून मला कसं करमणार? म्हटलं, "वेळापत्रक मी करतो."

काम सोपं वाटलं होतं. पण हे जंगल दक्षिणोत्तर साडेतीनशे किलोमीटर! आत डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४० ची मर्यादा. मुक्कामाच्या कॅम्पला कुंपण असतं. जुलैत फाटक सकाळी ६ ला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद. उशीर झाला तर दंड. हत्ती आडवा आला तर हॉर्न द्यायचा नाही, गाडी मागं घ्यायची. म्हणून कागदावरचे ५० हिशोबाला २५ धरले. घाटात गाडी चालवलेल्याला हे सांगावं लागत नाही.

आमची ही साखरेची पेशंट. तिला दोन तासांनी उतरावं लागतं, आणि तिथं ठरलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही. तेव्हा मी नकाशावर आधी संडास शोधले, जनावरं नंतर. जुलै म्हणजे तिकडे कोरडा हिवाळा. गवत वाळलेलं असतं, जनावरं पाण्यावर येतात. डास कमी असले तरी मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारलं आहे.

भांडण झालं ते मुक्कामावरून. लेकीचं म्हणणं, पाचही रात्री सातारा कॅम्पला काढू, तिकडे सिंह फार. हे नाव आपल्या साताऱ्याचं नव्हे. मोजणीवाल्यांच्या हिंदी मदतनिसानं नकाशावरच्या तुकड्याला 'सतरा' म्हटलं, त्यावरून पडलं म्हणतात.

मला मात्र पार उत्तरेला पाफुरीला जायचं होतं. लुवुव्हू आणि लिम्पोपो नद्यांच्या मधली ती जमीन मकुलेके लोकांची. १९६९ साली वर्णभेदी सरकारनं त्यांना तिथून हुसकलं आणि जमीन पार्कात घातली. ते लोक पुढं दावा लावून लढले आणि १९९८ साली जमीन परत मिळवली. जंगल त्यांनी तोडलं नाही. ते राखून पर्यटनावर कमाई करतात. आमच्या आज्याचं घर-वावर धरणात गेलं. वडील मोबदल्याच्या कागदांची पिशवी उशाखाली ठेवूनच वारले. जमीन परत मिळते म्हणजे कशी मिळते, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे.

पण साताऱ्याहून उत्तरेच्या पुंडा मारिया कॅम्पला सुमारे २५० किलोमीटर. माझ्या हिशोबानं १० तास, थांबे वेगळे. एका दिवसात बसत नाही. लेक म्हणाली, "अर्धी सुट्टी रस्त्यातच जाईल, बाबा."

तेव्हा ही बोलली, "सिंह काय, दिसला तर दिसला. ती नदी तर जागेवर असेल ना?"

मग ठरलं. दोन रात्री सातारा, एक मधे शिंगवेझीला, दोन पुंडा मारियाला. तिथून सकाळी लुवुव्हूच्या पुलावर जाऊन अंधाराआधी परत. कॅम्प महिनोन् महिने आधी भरतात, म्हणून लेकीनं लगेच जागा धरली. पुंडा मारियाला तंबू मिळाला.

हिनं पहिला प्रश्न विचारला, संडास तंबूत आहे का? आहे, असं लेकीनं कळवलंय.