डब्यात काय आहे?

मागच्या रविवारी परभणीत आमच्या घरी बीफ नूडल्स केले. लेकीला गाडीवरचं चायनीज हवं होतं. आम्ही म्हटलं, घरीच करू, मोठ्याचं मटण घालून. अर्धा किलो म्हशीचं आणलं.

'म्हशीचं' हे आम्हाला मुद्दाम लिहावं लागतं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यानं होतीच, मार्च 2015 मध्ये बैल आणि वळूही बंदीत आले, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. म्हैस त्या बंदीत नाही. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ असणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस घरात काय खातो हा त्याचा खासगी मामला, हे न्यायालयानं मानलं. शेजाऱ्यांनी कुठे मानलंय?

आपल्यातलेही काही सुशिक्षित सांगतात, बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितलं. बाबासाहेबांनी 1927 ला महाडमध्ये सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस, गावकीच्या लाचारीसोबत पदरात पडणारं. आम्ही रोख पैसे मोजून ताजं आणतो. हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांना तो पाहायचाच नाही.

तर मटण. मोठ्याचं चिवट असतं, म्हणून रेषांच्या आडवं, बोटभर लांब, पातळ कापलं. कापताना आजीच्या चान्या आठवल्या. त्या उन्हात वाळायच्या, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजल्या जायच्या. आलं-लसूण, मीठ, चमचाभर व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवलं, मग कुकरला चार शिट्ट्या. नूडल्स थोडे कच्चे असतानाच उतरवले, गार पाण्यानं धुऊन तेलाचा हात लावला. कढई धूर येईस्तोवर तापवून कांदा, गाजर, ढोबळी मिरची, शेवटी कोबी. मग मटण, सोया सॉस, नूडल्स. सॉस खारट असतो, वरून मीठ घालू नका. आम्ही चिमूटभर येसूर टाकला; चायनीजवाले हसतील, हसू द्या.

पहिली शिट्टी झाली तसा आमचा हात खिडकीकडे गेला. लेक म्हणाली, "का लावली?" आम्ही कायदा सांगू शकलो असतो, न्यायालयाचा निकालही. गप्प बसलो.

नूडल्स उरले होते. रात्री ती म्हणाली, "उद्या डब्यात द्या ना. मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगू?"

सोमवारी तिच्या डब्यात बटाट्याची भाजी होती. नूडल्स दुपारी आम्ही संपवले.